ओवीच्या पोटातली नळी

ओवीला गॅस झाला नव्हता.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं आणि हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय.

ओवी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. जन्मापासून तिच्या डोक्यात पाणी साठायचं. दोन महिन्यांची असताना ऑपरेशन करून शंट बसवला. म्हणजे एक बारीक नळी. डोक्यातून निघते आणि कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालून पोटात जाते. डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथे जिरतं.

मानेवर हात फिरवला की नळी बोटाला लागायची. पहिल्यांदा लागली तेव्हा मी हात मागे घेतला होता. नंतर तिथेच पापे घ्यायचे.

दर रविवारी मी सातपूरहून शिवणाची टेप घेऊन भावाकडे जायचे. तिच्या डोक्याचा घेर मोजायचा. वाढला नाही की सगळे खूश, मग चहा.

पोटाकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

मी घरात सगळ्यात मोठी. दोन पोरं वाढवलेली, त्यामुळे मला सगळं कळतं. निदान तसा माझा रुबाब होता.

ओवी सहा महिन्यांची झाली आणि एका रविवारी तिचं पोट टम्म दिसलं. दूध पिऊन दोनदा ओकली. हात लावला की किंचाळायची.

वहिनी देवळ्याची, कमी बोलणारी. म्हणाली, "ताई, पोट लय ताठ लागतंय. मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ का? नळी पोटातच हे ना."

मी म्हणाले, "ताप आहे का तिला? डोकंही तेवढंच आहे. गॅस झालाय गं. प्रत्येक गोष्टीला काय नळी नळी करतेस."

आणि हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. आपल्याकडे सगळ्याच लावतात.

भाऊ गाडीची चावी घेऊन उभा होता. त्यालाही मीच खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. वहिनी म्हणाली, "रडायची थांबली. पण नुसती निजूनच हे."

मी म्हणाले, "बघ, उतरला ना गॅस."

तो आराम नव्हता. पोर सुस्तावली होती.

मंगळवारी हलवूनही उठेना तेव्हा नेलं. डॉक्टर म्हणाले, नळीच्या टोकाशी पोटात पाण्याची पिशवी झालीये, इन्फेक्शन आहे आणि ते वर मेंदूपर्यंत गेलंय. नळी काढली. आठ दिवस काढले तिने.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "पोट फुगलं तेव्हाच का नाही आणलंत?"

मी शेजारीच उभी होते.

तोंड उघडलं नाही.

वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "माझ्या ध्यानात नाय आलं."

वर्षभर सगळे तिलाच बोलले. आईला कसं कळलं नाही म्हणून. मी तिथेच बसलेली असायचे.

तिने मला एकदाही काही विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

ज्यांच्या घरी शंटचं बाळ आहे त्यांना हात जोडून सांगते. पोट फुगलं, उलट्या झाल्या, बाळ सुस्त पडलं तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिचं ऐकू नका.

आणि आपल्या सगळ्या नातेवाइकांना टॅग केलंय. नीट वाचा.

वहिनीच्या ध्यानात आलं होतं. पहिल्याच दिवशी आलं होतं. मी अडवलं.

ओवी, बाळा, तुझ्या आईचं काही चुकलं नाही.

आत्याची तुला श्रद्धांजली.