धूर होणार नाही, असं मी म्हणालो

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात आजवर जे लिहिलं गेलं ते भोजनालयाच्या फळ्यावर, खडूने, तेही बाबांच्या हातून. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला, म्हणून माझ्यावर जरा जास्तच विश्वास टाकला गेला. त्याचं मी काय केलं एवढंच सांगायचं आहे. लिहिण्यात कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सेलूत आमचं छोटं भोजनालय आहे. रविवारी तिथे रोडगे आणि वांग्याची भाजी असते. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे. ते खायला वर्ध्याबाहेरच्या नव्या ले-आउटमधून गाड्या येतात. डॉक्टर, इंजिनिअर, मोठाले बंगले. पण त्या वस्तीत बसून जेवायला एकही ठिकाण नाही. तिथला कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने द्यायचा आहे असं कळलं आणि बाबांनी मनावर घेतलं. सेलूचं आई पाहील, तिथलं ते.

"मले त्या साहेबासंगं बोलणं जमत नाई," बाबा म्हणाले. "तू शिकेल आहेस. तूच जाय."

गाळ्याचे मालक निवृत्त अधिकारी, वरच्याच मजल्यावर राहणारे. मी त्या वस्तीत घरोघर फिरून, कोण बाहेर काय खातं ते वहीत उतरवून नेलं होतं. त्यांनी वही शांतपणे चाळली आणि एकच विचारलं, "धूर होणार का? आमच्या मिसेसना दमा आहे."

आमच्याकडे गोवऱ्या पेटतानाच्या धुराला कोणी धूर म्हणत नाही. स्वयंपाक सुरू होतो तो निखारे झाल्यावर, आणि निखाऱ्यांना धूर नसतो. हे सगळं डोक्यात आलं आणि तोंडातून फक्त "नाही सर" निघालं.

"मग रविवारी करून दाखवा. एक कॉफीवालाही विचारून गेलाय."

मी माझा नंबर देऊन आलो. घरी त्यांचा प्रश्न सांगितला नाही.

रविवारी पहाटे आई कणीक मळत म्हणाली, "तिथल्या बाया रोडगा चमच्यानं खातीन का वो?"

"खाऊ दे," बाबा म्हणाले. "तूप वाढतानी मी हात आखडत नाई, मंग झालं."

पावसाळा नुकताच सरला होता. पोत्यात हात घातला तर गोवऱ्या दमट लागल्या. मी पोतं तसंच बांधलं.

गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत बाबांनी गोवऱ्या रचून पेटवल्या. पांढरा धूर भिंतीला लागून सरळ वर चढला. मी खिडकीकडे पाहत होतो.

"वर काऊन पाहून राह्यला? पुठ्ठा घे, हवा घाल."

मी हवा घातली, तसा धूर आणखी वाढला. वरची एक खिडकी बंद झाली. मग दुसरी. मग बंद खिडकीआडून खोकला ऐकू आला, बराच वेळ. बाबांनीही ऐकला असेल. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता.

निखारे झाले तेव्हा हवा अगदी स्वच्छ होती. शेजारच्या बंगल्यांतले लोक जेवायला बसले. एका डॉक्टरांनी तिसरा रोडगा मागून घेतला. मालक शेवटी खाली आले, उभ्यानेच एक रोडगा पूर्ण खाल्ला, हात पुसले. बाबा समोर हात जोडून उभे होते. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "कळवतो," म्हणाले.

परतताना बाबा खुशीत होते. "पुरा खाल्ला त्यायनं. होते आपलं काम."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते विचारत, "फोन आलता का?" फोन वाजला की मी तो घेऊन बाहेर जायचो. दोनदा त्यांना खरं सांगायला म्हणून मी भट्टीजवळ जाऊन उभा राहिलो. दोनदा कांदे चिरून परत आलो.

आठव्या दिवशी मी कॉलेजात होतो. फोन बाबांचा होता. मालकांनी मला नाही, थेट त्यांना कळवलं होतं. त्यांचा नंबर भोजनालयाच्या पाटीवरून मिळवला असावा.

"तुले त्यायनं धुराचं इचारलं होतं का?" बाबांनी विचारलं.

"हो."

पलीकडे कोणीतरी भाजी मागत होतं. "देतो, बसा," असं त्याला सांगून बाबा पुन्हा फोनवर आले.

"गाळा कॉफीवाल्याले देल्ला. साहेब म्हणे, पोरानं आधी सांगितलं असतं तं भट्टीसाठी गच्ची देली असती."