लस गार आहे का?

मी खानापूरच्या जंगलाकडेच्या एका सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट. लसीचा फ्रिज माझ्या ताब्यात. किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही, तेच झाकण उघडून आत येतात. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची, तापली तरी वाया, गोठली तरी वाया. एवढंच मी अकरा वर्षं सांगतोय. दमलो बघा!

* * *

नव्या डॉक्टरांच्या सासूबाई बेळगावहून मिठाई घेऊन आल्या. संध्याकाळी टेंपरेचर लिहायला झाकण उघडलं, तर बीसीजीच्या शेजारी कुंद्याचा डबा!

सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, "डबा घट्ट हाय की साहेब. लसीला वास लागणार न्हाय!"

कुंदा मात्र चांगला होता.

* * *

झाड पडून सकाळीच लाइट गेली. फ्रिज उघडला नाही तर दिवसभर गार राहतो. मीटिंगला जाताना शिपाई बसाप्पाला बजावलं, "इथंच बस. कुणाला झाकण उघडू देऊ नको."

दुपारी आलो. बसाप्पा फ्रिजला टेकून बसलेला.

"कुणी उघडलं नाही ना?"

"छ्या! कुणाला हात लावू दिला न्हाय. मीच दर धा मिंटाला उघडून बघतोय, गार हाय का न्हाय!"

थर्मामीटर पंधरावर. वरिष्ठांना विचारल्याशिवाय एकही बाटली वापरायची नाही, म्हणजे लसीकरण बंद.

बाहेर संगीता बसली होती. दीड महिन्याची पोरगी घेऊन, जंगलातून दोन तास चालत आलेली. तिचं पहिलं पोर डांग्या खोकल्यानं गेलं होतं. एरवी त्या वाडीवरून लसीला कोणी येत नाही.

"पुढच्या गुरुवारी ये बाई," मी म्हणालो. मला लाज वाटली.

"येतो की," म्हणाली आणि उठली.

* * *

पुढच्या गुरुवारी म्हटलं, तिला चालायला नको, आपणच जाऊ. तिच्या वाडीजवळच्या गावात कॅम्प ठेवला. पंचायतीचे मेंबर आप्पा पोहे खाल्ल्याशिवाय सोडेनात. पोहे झाले, चहा झाला, उसाच्या गप्पा झाल्या. तास गेला. उठून लसीचा डबा बघतो तर रिकामा!

"आप्पा, बाटल्या?"

"फ्रीजरात ठेवल्यात. पाव्हण्यानी गार पाणी प्यायचं आणि औषधानं उकाड्यात बसायचं, बरं दिसतंय व्हय?"

पेंटाच्या बाटल्या गोठून खडा! डांग्या खोकल्याची लस त्यातच असते. आप्पांच्या आग्रहाला मी बळी पडलो, चूक माझी.

रांगेत पहिली संगीता. आप्पांच्या बायकोनं तिला चहा दिला. तो न पिताच ती गेली.

* * *

तिसऱ्या गुरुवारी ती पुन्हा दवाखान्यात. मला वाटलं होतं, येणार नाही. तिच्या आधी तिघींची पोरं टोचून झाली होती.

ती टेबलासमोर उभी राहिली. "साहेब, लस चांगली हाय, ह्ये वळखायचं कसं?"

मी भिंतीवरचं चित्र दाखवलं. बाटलीवर एक जांभळा गोल असतो, त्यात पांढरा चौकोन. बाटली उष्णतेत राहिली की चौकोन गडद होत जातो. गोलासारखा झाला की बाटली फेकायची.

"रोज बघता?"

"रोज! बाटली देताना मी स्वतः बघतो."

तिनं चित्र नीट बघून घेतलं. सिस्टर सुई भरणार, तेवढ्यात तिनं त्यांचा हात धरला.

"आक्का, दावा जरा."

बाटली लाइट गेली त्याच्या आदल्या आठवड्यातली, निम्मी राहिलेली. चौकोन पांढरा असेल तर तशी पुन्हा वापरता येते. सकाळी फ्रिजमधून मीच काढून दिलेली, आधीच्या तिघींच्या पोरांना त्यातूनच टोचलेलं. संगीतानं ती खिडकीकडं नेली, चित्राकडं बघितलं, परत बाटलीकडं.

"साहेब, ह्यो तर काळा झालाय की."

मी बघितलं. चौकोन आणि गोल वेगळे ओळखू येत नव्हते. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या.

संगीतानं पोरगी माझ्या हातात दिली.

"हिला धरा जरा. त्या तिघी लांब गेल्या नसतील."