चष्मेवाल्या ताई आणि नाकावरून घसरणारा गॉगल

चष्म्याच्या दुकानात ताईंना बावीस वर्षं झाली होती. शाळेतल्या पोरींपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. गिऱ्हाईक आलं की त्या आरसा पुढे करायच्या, मान जरा तिरकी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "हा शोभतोय तुम्हाला." बहुतेक वेळा तो खरंच शोभायचा.

टपाल वाटणाऱ्या बाई मात्र महिन्याभरात तिसऱ्यांदा दुकानात आल्या. त्यांचा सगळा दिवस सायकलवर, उन्हातान्हात जायचा. त्यांनी गॉगल काउंटरवर ठेवला.

"ताई, हाही शोभतो हो! पण घाम आला की घसरतो. चढावर माझा एक हात हॅण्डलवर आणि एक नाकावर. काल एका आजोबांना वाटलं, मी सलाम करतेय. त्यांनी उलटा सलाम ठोकला!"

ताई हसल्या, पण मनातून ओशाळल्या. आपण माणसाला आरशासमोर उभं करून गॉगल देतो आणि तो घालून माणूस पळणार, पेडल मारणार, हे आपल्या कधी डोक्यातच आलं नाही!

संध्याकाळी त्यांनी मालकांना विचारून तीन गॉगल पिशवीत टाकले आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, उद्या तुमची सायकल हवी."

"शेवटची कधी चालवली होतीस?"

"शाळेत."

"मग मलमपट्टी काढून ठेवतो," असं म्हणून ते खरोखरच कपाटाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहिला गॉगल पहिल्याच चढावर नाकाच्या शेंड्यावर आला. दुसरा काळाकुट्ट होता. उन्हात झकास वाटला, पण झाडांच्या सावलीत शिरताच रस्ता गायब. खड्डा कळला तो चाक त्यात गेल्यावर. ताई सायकलसकट शेजारच्या झुडपात! कोपर खरचटलं. कुणी बघितलं नाही याची खात्री करून त्या उठल्या आणि तिसरा चढवला. तो तपकिरी काचेचा, कानाकडे वळलेला, नाकाशी मऊ रबर असलेला. सावलीतसुद्धा रस्त्याची भेग न् भेग उठून दिसायला लागली. उतारावर वारा आला, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. ताईंनी मुद्दाम तोच उतार पुन्हा एकदा घेतला.

सोमवारी टपालवाल्या बाई आल्या तेव्हा ताईंनी आरसा बाजूला सारला.

"हा घाला आणि उड्या मारा."

"इथे?"

"इथेच. आता वाका, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. मान हलवा. बाहेर सावलीत जाऊन पायरी नीट दिसते का बघा."

मालक गल्ल्यावरून ओरडले, "अहो ताई, आपण चष्मे विकतो, सर्कस नाही!"

पण गॉगल जागचा हलला नाही. ताईंनी गॉगलच्या डबीतली चिठ्ठीही वाचून दाखवली. "काच काळी आहे म्हणून डोळे सांभाळते असं नसतं. अतिनील किरण अडवते, असं इथे लिहिलेलं लागतं." टपालवाल्या बाई गॉगल घालूनच कामाला निघाल्या.

मग ही रीतच पडली. व्हॉलीबॉलच्या पोरी काउंटरसमोर उड्या मारू लागल्या. एक धिप्पाड प्रशिक्षक म्हणाले, "मी उडी मारली तर तुमची कपाटं खाली येतील."

"तुम्ही नुसती मान हलवा," ताई घाईघाईने म्हणाल्या.

गॉगल परत येणं जवळजवळ थांबलं, तशी मालकांची कुरकुरही थांबली.

ताईंची सायकल मात्र सुरूच राहिली. आता दर रविवारी त्या टपालवाल्या बाईंबरोबर निघतात. परवा पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ त्यांनी पहिल्यांदाच न उतरता पार केला, तोही बाईंच्या आधी.

"आज माझ्या खांद्यावर पिशवीसुद्धा नाही, तरी मी मागे!" बाई धापा टाकत म्हणाल्या.

ताईंना फुशारकी मारायची फार इच्छा होती, पण दम इतका लागला होता की शब्दच फुटेना. त्या रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसल्या आणि नुसत्याच हसत राहिल्या.