एका फिल्मवरून कळत नाही

गुरुवारी सकाळी साताऱ्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि उजव्या फुप्फुसात टीबी आहे असे सांगितले. माझ्या खिशात प्रकृतीच्या दाखल्याचा कोरा फॉर्म होता. तो त्यांच्याकडून भरून घ्यायचा होता. त्यांनी तो भरला नाही.

फॉर्म सेमिनरीचा होता. सेमिनरी म्हणजे कॅथलिक धर्मगुरू तयार करणारे विद्यालय. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. माझी पत्नी मार्था जाऊन दोन वर्षे झाली होती. आम्हाला मूल नव्हते. विधुराला आमच्यात धर्मगुरू होता येते. बिशपांनी वयाची सवलत दिली होती. प्रकृती आड येईल असे मनातही आले नव्हते. खोकला होता, पण तो मी खडूचा समजत होतो.

हे लिहितो आहे ते अशा आजारात सापडलेल्यांसाठी. वाचून भीती थोडी कमी झाली तरी पुरे.

मला सांगलीच्या इस्पितळात पाठवले. तिथे स्पुटम टेस्ट झाली. स्पुटम म्हणजे खोकून पडलेला बेडका. त्यात जंतू सापडले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन, आयएनएचच्या गोळ्या आणि पीएएसची पूड. या पुडीने मळमळते. जेवणानंतर ताकाबरोबर घेतली तर निभावते, हे मला नर्सने नाही, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने शिकवले.

सांगलीच्या डॉक्टरांना एक्स-रेत आणखी एक डाग दिसला, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढा. ते म्हणाले, "उजवीकडचा रोग नक्की आहे. डावीकडचा नवा की जुना, हे एका फिल्मवरून कळत नाही. तीन महिन्यांनी दुसरी काढू आणि शेजारी लावून बघू. बदलला तर तो जिवंत आहे. बदलला नाही तर जुना व्रण. व्रणाला औषध लागत नाही."

हा नियम मी वहीत लिहून ठेवला.

रविवारी तिथल्या चर्चचे फादर परमप्रसाद, म्हणजे मिस्सा या उपासनेतली पवित्र भाकर, घेऊन येत. त्यांना मी फॉर्मची हकीकत सांगितली. त्यांनी हातातली टोपी खाटेवर ठेवली. मग विचारले, "मास्तर, घर रिकामे झाले म्हणून जाताय, की कोणी बोलावतंय म्हणून?"

इच्छा खरी होती. पण तिच्यात काय काय होते ते मी तपासून पाहिले, तेव्हा सकाळची मिस्सा सापडली, एक शांत खोली सापडली, भिंतभर पुस्तके सापडली. माणूस एकही सापडला नाही.

"ताप उतरेपर्यंत उत्तर देऊ नका," फादर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

शेजारच्या खाटेवर बिरा होता, जतकडचा म्हातारा मेंढपाळ. त्याला प्ल्युरल इफ्युजन झाले होते, म्हणजे फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये पाणी साठले होते. ते सुईने काढतात. फादर माझ्याजवळ बसतात आणि मी काळे प्रार्थनापुस्तक वाचतो, एवढ्यावरून त्याने मला फादरच ठरवून टाकले होते. वॉर्डातले सगळेच मग तसे हाक मारू लागले. मी दोनदा खुलासा केला आणि सोडून दिला.

पाणी काढायच्या दिवशी दुपारी बिरा माझ्या खाटेशी येऊन बसला.

"आवं फादर, तुमच्यात मानूस मनातलं सांगून मोकळा हुतो म्हनं. सिस्टर सांगत हुती."

"बिराआप्पा, मी फादर नाही. शाळामास्तर आहे."

"मग काय झालं? ऐकायला काय कागद लागतोय व्हय?"

त्याने सांगितले. दुष्काळात तो मेंढरे घेऊन पाटणकडे निघाला. भाऊ मागे राहिला. चारा दिसला की सांगावा धाडायचा असे ठरले होते. कोयनेच्या अंगाला चारा मिळाला, पण बेताचा. बिराने सांगावा धाडला नाही. भावाची निम्मी मेंढरे बसल्या जागी मेली. चारा कुठेच नव्हता, असे बिरा परतल्यावर म्हणाला. त्यानंतर दोघांचे बोलणे तुटले होते.

"बायकूला बी ठावं न्हाई ह्ये," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "आता सांगा. सुटलं का?"

'सुटलं' असे म्हणायचा मला अधिकार नव्हता. तो असावा असे त्या क्षणी मला जितके वाटले तितके आयुष्यात काही वाटले नव्हते. मग शाळामास्तरला जमते ते केले. पोस्टकार्ड काढले आणि तो सांगेल ते त्याच्या शब्दांत भावाला लिहिले. तेवढ्यात त्याला आत नेले. खुर्चीवर उलटे, तिच्या पाठीवर छाती टेकवून बसवले आणि बाटलीभर पिवळे पाणी काढले.

फादरना मी ही हकीकत सांगितली, नाव न घेता, आणि माझ्या जागी ते असते तर काय केले असते असे विचारले. ते म्हणाले, "बाप्तिस्मा नसलेल्याला पापक्षमेचा संस्कार मलाही देता आला नसता. ऐकणे मात्र दोघांनाही जमले असते." ते हसले. "आणि पोस्टकार्ड मला सुचले नसते."

आठव्या दिवशी भाऊ आला. खांद्यावर घोंगडी. बिराच्या खाटेच्या पायाशी उभा राहिला.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. "पाटनच्या बाजारात तवाच कळलं."

"मग बोलला न्हाईस कवा?"

"तू कवा बोलतोस ते बघत हुतो. लय येळ लावलास रं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फादर, ह्यो असाच. लहानपनी बी गूळ खाऊन तोंड पुसायचा."

बिरा हसायला लागला आणि त्याला खोकला आला. भावाने बेडका टाकायचा झाकणाचा मग त्याच्या तोंडाशी धरला. त्या मगाला घरची माणसेही हात लावत नसत.

तीन महिन्यांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. उजवीकडचा डाग आटला होता. डावीकडचा तसाच होता. "व्रण," डॉक्टर म्हणाले. "फॉर्म मात्र औषध पूर्ण झाल्यावर."

मला उत्सुकता वाटली की हाच नियम माझ्या इच्छेला लावला तर काय दिसते. ती तशीच राहिली असती, तर ती मार्थाच्या जाण्याचा व्रण आहे असे मी मानले असते. पण ती बदलली होती. तिच्यात आता माणसे होती, खोकणारी, खोटे बोललेली, वाट बघणारी. खोलीचा मला विसर पडत चालला होता. घरी परतल्यावर फादरना मी हे लिहून कळवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: "आता ताप उतरला."

औषध दीड वर्ष चालले. चौथ्या महिन्यात बरे वाटते आणि पुष्कळजण तिथेच सोडतात. सोडू नका. बरे वाटणे आणि बरे होणे यांत चौदा महिन्यांचे अंतर आहे.

मागच्या आठवड्यात साताऱ्याच्या डॉक्टरांनी फॉर्म भरून सही केली. सेमिनरीने होकार कळवला आहे. जूनमध्ये जायचे आहे. पुस्तके शाळेला दिली. मार्थाचा चष्मा बरोबर नेतो आहे. उजवे फुप्फुस साफ आहे. डावीकडचा डाग आहे तिथेच आहे.