बाजारात जाळलेल्या फण्या

माझ्या ताईच्या अंबाड्यात खोचलेली फणी मला अजून दिसते. सायीच्या रंगाची, वरून वेलबुट्टी कोरलेली. तशा फण्या अमरावतीच्या बाजारात तेव्हा, इंग्रजांच्या राज्यात, नुकत्याच आल्या होत्या. दुकानदार त्यांना हस्तिदंती म्हणायचा. खरी हस्तिदंती असती तर माळ्याच्या घरात आली नसती, हे ताईलाही कळत होतं. पण साखरपुडा झालेला, तेल्हाऱ्याचं शेतकऱ्याचं घर मिळालेलं. मायनं तिला हौसेनं घेऊन दिली.

आमचा मळा बडनेऱ्याच्या वाटेवर होता. वांगी, मेथी, आणि शेवंती-झेंडूचे वाफे. ताई बाजारात फुलं विकायला बसायची. तिचे केस गुडघ्यापर्यंत यायचे. गिऱ्हाईक बायका आधी तिचे केस पाहायच्या आणि मग वेणी घ्यायच्या.

एका संध्याकाळी ती चुलीपुढं वाकून फुंकर घालत होती. लाकूड तडतडलं, ठिणगी उडाली. मी दारात मेथी निवडत बसले होते. आधी कापराचा वास आला. माय ओसरीतून म्हणाली, "आरती कोन लावली एवढ्यात?" मी वळून पाहिलं तर ताईच्या डोक्यावर जाळ उभा होता. केस पेटतात तसा तो जाळ नव्हता. फुस्कन आवाज करून तो एकदम वर गेला. ताईनं दोन्ही हातांनी फणी उपटायला पाहिलं, तर ती वितळून बोटांना चिकटली. बानं घोंगडं टाकून जाळ विझवला तोवर मागचं सगळं डोकं, एक कान आणि मान भाजून निघाली होती.

सरकारी दवाखान्यात ती फार दिवस होती. जगली. पोलिसांनी कागद केला, त्यात लिहिलं की स्वयंपाक करताना पदर पेटला. बा म्हणाला, "पदर नाई पेटला, साहेब. लुगडं घरी जसंच्या तसं हाय. फणी पेटली." जमादार म्हणाला, "फणी कुठं पेटते काय बापा?" त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्यानं तसं कधी ऐकलंच नव्हतं. कागद होता तसाच राहिला.

बा फुलांच्या टोपल्या अकोल्याला गाडीनं पाठवायचा. एकदा बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर तो एका खोक्याला टेकून बिडी शिलगावायला लागला, तर हमालानं त्याचा हात धरला.

"बिडी फेक आधी. त्याच्यापासी आग नाई चालत."

"काय हाय त्यात?"

"फण्या, बाहुल्या, चेंडू. लवकर पेट घेते म्हनते. ते लाल चिठ्ठी नाई दिसत काय? रॉकेलपासून दूर ठेवा लागते, हुकूम हाय."

बा त्या दिवशी टोपल्या न चढवताच घरी आला. फुलं टोपलीतच सुकली. मायला एवढंच म्हणाला, "आगगाडीले मालूम होतं."

मग तो दुकानदाराकडं गेला. मी सोबत होते. दुकानदार वाईट माणूस नव्हता, निदान तसा दिसत नव्हता. दवाखान्यात त्यानं ताईसाठी केळी पाठवली होती. त्यानं बाला गादीवर बसवलं.

"खोक्यावर लाल चिठ्ठी असते," बा म्हणाला. "तुमी वाचली का नाई?"

"वाचली ना. पण ते रेल्वेची हाय. गिऱ्हाइकासाठी नसते."

"मंग गिऱ्हाइकाले कोन सांगन?"

"भाऊ, चूल मी पेटवली काय? शंभर बाया घालून राहिल्या. तुह्या पोरीचं नशीब खोटं, मले बी वाईट वाटते. पन मी नाई इकली तर बाजूचा इकते."

त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिच्याही केसांत तशीच फणी असायची, आम्ही सगळ्याजणी हात लावून पाहायचो. त्या आठवड्यापासून ती काळी शिंगाची फणी लावून येऊ लागली. मी विचारलं, "पांढरी कुठं गेली?" ती म्हणाली, "बाबांनी चुलीत टाकली. वापरायची नाई म्हने." मी हे घरी सांगितलं नाही. आज वाटतं, सांगितलं असतं तरी काही फरक पडला नसता. आपल्या लेकीपुरतं त्याला सगळं कळलं होतं, आणि दुकानाच्या काचेत फण्यांची माळ होती तशीच लटकत होती.

बा वकिलाकडं गेला. वकील भला माणूस, त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ, तुपात चरबी घातली तर म्युनिसिपालिटी खटला भरते. सिनेमाच्या फिती याच सेल्युलॉइडच्या, त्या कुठं ठेवायच्या याचे नियम आहेत. फणीसाठी काही नाही. हस्तिदंत म्हणून विकली असं म्हणशील, तर पावती कुठाय?"

"फनीची पावती कोन देते, साहेब?"

"तेच. कायदा करायचा तर नागपूरला कौन्सिलात व्हायला हवा. एका मुलीसाठी कोण करणार?"

 मग बाजाराच्या दिवशी बानं त्याच दुकानातून एक फणी विकत घेतली, भर चौकात काठीच्या टोकाला बांधली आणि काडी लावली. जाळ भसकन उठला. माणसं मागं सरली. बा ओरडला, "पाहा! हे तुमच्या पोरीच्या डोक्यात हाय! माही पोरगी जळली, तुमची नोको जळू द्या!"

दोघीतिघींनी तिथंच केसांतली फणी काढली. बाला धीर आला. पुढच्या बाजारी त्यानं पुन्हा जाळली. गर्दी जास्त जमली. त्याच्या पुढच्या बाजारी लोक आधीच वाट पाहत उभे होते. कुणी शिट्टी वाजवली. "माळीबुवा, अजून एक!" जाळ उठला की पोरं टाळ्या पिटायची. हळूहळू रिकामटेकडे तरुणही दुकानातून फण्या आणून पेटवू लागले, कुणाचा जाळ उंच जातो याची पैज लावू लागले. दुकानदारानं मोडक्या फण्यांची वेगळी परडी बाहेर ठेवली. ती लवकर रिकामी व्हायची.

बा ओरडतच होता. कुणाला ऐकू जात नव्हतं. शेवटी जमादारानं त्याला ताकीद दिली, चौकात आग लावशील तर आत टाकीन म्हणून. विकणाऱ्याला ताकीद नव्हती.

हे सगळं ताईला शेजारणीकडून कळलं. बा घरी आला तेव्हा ती डोक्यावरून पदर घट्ट ओढून उंबऱ्याशी बसली होती.

"बा, आता पुरे कर," ती म्हणाली. "लोक हासून राहिले. माह्या जळन्याचा तमाशा झाला."

बा म्हणाला, "मी तं त्याहिले समजावून राहिलो ना, पोरी."

"समजते त्याहिले. समजूनच हासतात."

बानं काठी गोठ्याच्या आढ्यात खोचली आणि पुन्हा काढली नाही.

तेल्हाऱ्याची माणसं एकदा आली. चहा प्याली, ताईला पदर बाजूला करायला सांगितलं. सासू होणार होती ती बाई तोंडावर हात धरून उठली. "पुढच्या साली पाहू," असं तिच्या नवऱ्यानं बाला सांगितलं. पुढच्या साली त्यांच्या मुलाचं लग्न अकोल्यात झालं. त्यांना मी दोष देत नाही, द्यायला जोरच उरलेला नाही.

ताई नंतर कधी बाजारात बसली नाही. वाफे खुरपायची, फुलं तोडायची, वेण्या गुंफायची. विकायला माय जायची. डोक्याची जखम उन्हाळ्यात फुटायची, तेव्हा ती ओला फडका ठेवून विहिरीच्या सावलीत पडून राहायची. कुणाबद्दल वाईट बोलली नाही. एका थंडीत तापानं गेली. तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

मी पुढं अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. तिथल्या बाजारातही त्याच फण्या, त्याच सायीच्या रंगाच्या. मी वर्गात दरवर्षी सांगायचे. मुली ऐकायच्या, घाबरायच्या. एकदा एकीनं विचारलं, "बाई, एवढी वाईट हाय तं सरकार इकू काहून देते?" मी खडू हातात घेऊन फळ्याकडं वळले आणि गणित घातलं.

अमरावतीला बाजारात बाला लोक शेवटपर्यंत "फणी जाळणारा माळी" म्हणत. का जाळायचा, हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांना वाटे, म्हातारा जरा वेडा आहे.