त्या दिवशी जिन बंद होता
कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. मोठ्यांची चूक दाखवायला लेखणी उचलतो आहे, याची आधी क्षमा मागतो. पण आज वसतिगृहाच्या अंगणात पिंजारी गादीचा कापूस पिंजत होता, त्याची धूळ नाकात गेली आणि रिसोडजवळचा जिन आठवला. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्राला माझी आई तिथे कापूस घालत असे. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर शहरातले एक डॉक्टर त्या धुळीने छातीला काय होते याचे संशोधन करायला आले, आणि त्यांचे इंग्रजी बायकांना सांगायला मला उभे केले. मुकादमाने सकाळीच जमिनीवर पाणी शिंपडले, घशातली धूळ उतरावी म्हणून गुळाचे खडे वाटले. आई सर्वांदेखत म्हणाली, "काहून गा मुकादम, रोज खडा मांगतला तं घरून आन म्हन्तं, आज मोठा गोड होऊन राह्यला!" बायका हसता हसता खोकल्या. मग यंत्रे थांबवली. मी चाचरत म्हणालो, "साहेब, जिन चालू असताना तपासा ना." ते म्हणाले, "त्या खडखडाटात छाती ऐकू कशी येणार?" धूळ खाली बसली, गूळ गळ्याखाली उतरला, तपासणी आटोपली. जिचा शोध घ्यायचा, ती धूळच आधी घालवायची, हे कुठले शास्त्र? आज आईला दम लागतो म्हणून चुलीपुढे वडील बसतात, त्यांना साधा ठसकाही लागत नाही. आणि परवा प्रोफेसरांकडून कळले, त्या संशोधनाचा निष्कर्ष निघाला आहे: जिनातल्या बायकांना खोकला होतो, तो घरच्या चुलीच्या धुराने.