अकराशे गॅलनची टाकी

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीत पाणी साचो न साचो, किस्से साचतातच. श्रेय अर्थात आमच्या अध्यक्षांचं. वैरागडे साहेब, रिटायर्ड इंजिनियर! हिशोब केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नाही.

*

मीटिंगमध्ये विषय निघाला, गच्चीवरची टाकी केवढी? बिल्डरच्या नकाशात लिहिलेलं, अकराशे गॅलन.

"ब्रिटिश गॅलन असन तर पाच हजार लिटर," साहेब म्हणाले. "अमेरिकन असन तर चार हजाराच्या थोडं वर!"

झालं, वाद पेटला. इकडे पंप चालूच, टाकी भरून पाणी जिन्यात आलं. कोणीतरी पंप बंद करायला उठलं, तर साहेब म्हणतात, "थांब गा, आधी गॅलन ठरू दे!"

शेवटी हात वर करून मतदान घेतलं. ब्रिटिश जिंकले.

*

मग साहेबांनी नोटीस लावली. 'प्रत्येक कूलरला रोज ०.०६ घनमीटर पाणी.'

"सरळ साठ लिटर लिवा ना!" तळमजल्यावरचे नाना वैतागले.

"साठ वाचलं की लोकं उधळतात. शून्य दिसलं की जपून वापरतात!"

नानांच्या बायकोनं शून्य वाचून कूलरच बंद केला. भर मे महिन्यात नाना दुपारभर जिन्यात बसून होते.

*

डॉक्टरांनी साहेबांना रोज तीन लिटर पाणी सांगितलं. साहेबांनी चहा, ताक, वरण, सगळं मिलिलिटरमध्ये धरलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "वीस मिली कमी पडून राहिले!"

वैरागडे काकूंनी खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण दोनदा पाण्यानं भरून त्यांच्या हातात दिलं.

*

सुनंदावहिनींच्या मुलीचं साक्षगंध सोसायटीतच होतं. मुलाकडची मंडळी उमरेडहून येणार आणि महापालिकेच्या नळाला पाणी नाही. बिचाऱ्या वहिनींना एकच घोर, पाहुण्यांसमोर फजिती नको. त्यांनी साहेबांना टँकर मागवायला सांगितला.

टँकर पाच हजार लिटरचा. टाकीही पाच हजारांची, पण तळाला पाचशे लिटर शिल्लक!

"साडेपाच हजार मावन कसं?" म्हणत साहेबांनी व्हॉल्व उघडला आणि शिल्लक पाणी नालीत सोडून दिलं.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. टँकर कोराडी रोडवर बंद पडला होता, आज काही येत नव्हता. आणि फाटकाशी पाहुण्यांची गाडी थांबली. मला तर वहिनींकडे बघवेना.

"भाऊजी, टाकीत आता काहीच नाही का हो?" त्या रडकुंडीला आल्या.

"काहून नाही वहिनी?" साहेब म्हणाले. "पूर्ण पाच हजार लिटरची जागा आहे ना!"